हाक दिली होती

२७ डिसेंबर

काल दिवसभर ऊन आणि रात्री आभाळ स्वच्छ. तेव्हाच म्हटलं होतं, उद्या उतरणीची काच होणार. झालीच. यंत्राने रात्री विंचरून ठेवलेल्या बर्फाच्या रेघा सकाळी खवणीसारख्या धारदार होत्या. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी एकटीच खालपर्यंत फेरी मारून आले आणि फाटकाशी ओरडून सांगितलं, "पहिली फेरी म्हाताऱ्यासारखी मारा रे, मग दुसरी जवानासारखी मारायला शिल्लक राहाल!" पाहुणे हसले. लाल जॅकेट घातलेली एवढी म्हातारी बाई आक-बेलच्या उतरणीची राखणदार आहे, हे त्यांना पटतच नाही. मी इथे भांडी घासायला आले होते. खेळाडूंनी टाकून दिलेल्या, बर्फावर घसरायच्या फळ्या पायाला बांधून आपली आपण शिकले. शाळा म्हणजे पडणं, आणि मास्तर म्हणजे बर्फ.

दुपारी मारामारी झाली. सुरुवात उंटवशिंडाच्या खाली. वरून येताना तिथे उतरण उंटाच्या वशिंडासारखी उठते आणि पलीकडचं काही दिसत नाही. माझा लेक बेकतुर वेगात आला, "पोश! पोश!" म्हणून ओरडला, आणि अल्माटीहून आलेल्या एका पाहुण्याला घासून गेला. पाहुणा तोंडावर आपटला, नाकातून रक्ताची धार. तो कडेला, देवदाराला टेकून उभा होता हे खरं. पण हाक ऐकल्यावर आणखी जरा सरकायला त्याचं काय जात होतं?

आमच्या डोंगरात हीच रीत आहे. लादलेला घोडा उताराला थांबत नाही. वरचा "पोश!" म्हणतो, खालचा वाट सोडतो. ज्याने हाक दिली तो सुटला. मी गावातल्या एकेका पोराला फळ्यांवर उभं केलं ते हेच शिकवून: वळायला मागाहून शिका, ओरडायला आधी.

पाहुण्याच्या दोस्तांनी बेकतुरला लिफ्टपाशी धरलं. त्याने काठी उलटी करून एकाच्या कानावर हाणली, कान वरून खालपर्यंत उकलला. मी फावडं गरागरा फिरवत मध्ये घुसले तेव्हा कुठे पांगले. बर्फावर एवढं रक्त, जणू कोणी मेंढी कापली.

२८ डिसेंबर

बेकतुरचा हात सुजलाय. मेंढीची चरबी चोळून दिली. म्हणतो, "आई, त्याचा कान आता दोन माणसांचं ऐकेल." हसू नये, पण हसले. बाप गेल्यापासून घरात हसवणारा हाच.

५ जानेवारी

तिलेक शहरातून राखणदारीचं शिक्षण घेऊन परत आला. माझ्या हाताखालचा पोरगा, गुणी, मोठ्या बाईला म्हणतात तसं मला 'एजे' म्हणतो. त्याची बहीण सायकाल लिफ्टच्या फाटकाशी बसून तिकिटं बघते, आणि लिफ्ट बंद व्हायच्या सुमाराला फळ्यांची टोकं जुळवून बदकासारखी खाली येते. रोज पडते, रोज हसते.

तिलेकने येताच पिवळा फलक रंगवला आणि वशिंडाच्या वर ठोकला: वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालच्याला मागे डोळे नसतात.

मी म्हटलं, "बाळा, हे उलटं लिहिलंस."

"एजे, जगभर हेच आहे. मागून येणारा बघू शकतो, पुढचा नाही. थांबायचं असेल तर कडेला, आणि वशिंडाखाली तर मुळीच नाही. निघताना वर बघायचं. पण आदळलं, तर जाब वरच्याला."

"आणि हाक?"

"हाक दिली म्हणून फळ्या थांबतात का?"

बेकतुर शेजारी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. म्हणाला, "घोड्यालाही मागे डोळे नसतात रे तिलेक. पण लाथ असते. मागे लागणाऱ्याने ती बघावी."

"तू घोडा आहेस का?"

"तू मेंढरू आहेस का?"

दोघांना चहाला बसवलं. एका ताटात जेवलेली पोरं, शब्दाने शब्द वाढवू नये.

९ जानेवारी

फलक कोणीतरी फोडला. नुसता पाडला नाही, लाथांनी तुकडे तुकडे केले. पाहुण्यांमधली टारगट पोरं असतील, पिऊन येतात.

रात्री बेकतुरच्या तळहातातली कुसळं सुईने काढून दिली. कुंपण दुरुस्त करताना गेली म्हणाला. एक कुसळ पिवळं होतं. कुंपणाला जुना रंग असेल.

१२ जानेवारी

लिहायला बसले आहे, पण बोटं धड वाकत नाहीत. धुतली तरी नखांत राहिलंच आहे.

लिफ्ट बंद होत आली होती. आभाळ भरलेलं, उजेड असा की खड्डा कुठे नि उंचवटा कुठे कळत नाही. अशा वेळी पाय दमलेले असतात आणि माणसाला वाटतं, एकच फेरी राहिली. माझ्या राखणदारीत हाडं मोडली ती बहुतेक त्या शेवटच्या फेरीला. मी वशिंडाच्या माथ्यावर जाळीची दोरी बांधत होते. तिथून दोन्ही बाजू दिसतात. खाली सायकाल उतरणीच्या डाव्या अंगाला हळूहळू वळत होती. वरून बेकतुर.

माथ्यापाशी तो आला तेव्हा त्याच्या फळ्या सुतासारख्या सरळ होत्या. मला बघून काठी उंचावली. तिला बघून ओरडला, "पोश!"

सायकाल आमच्या गावची पोर. पाळण्यापासून ऐकलेला शब्द. मागे न बघता ती सरकली, उजवीकडे. बेकतुर उजवीकडूनच जाणार होता.

आवाज झाला तो ओली फांदी गुडघ्यावर मोडल्यासारखा. दोघं एकमेकांत गुंतून घसरत गेली, आणि त्याच्या फळीची कड, परवाच धार लावलेली, तिच्या मांडीत मागून शिरली. मी पोचले तेव्हा ती किंचाळत नव्हती. आपल्या पायाकडे बघत होती. हाड विजारीतून बाहेर आलेलं, पांढरं, आणि त्याच्या बाजूने रक्त उसळ्या मारत होतं. घोड्याच्या नाकातून वाफ येते तसं. भळभळ नव्हे, ठोक्याठोक्याने.

मी आधी माझ्या फळ्या काढून वर फुलीसारख्या रोवल्या, नाहीतर मागचा आमच्या अंगावर आला असता. हे हातांनी आपोआप केलं. मग कमरेचा पट्टा तिच्या मांडीला वर आवळला, काठी घालून पिळला, आणि गुडघा रोवून बसले. ती म्हणाली, "एजे, मी वाट सोडली होती ना?" म्हटलं, "सोडली होतीस गं, सोडली होतीस."

बेकतुर उठून उभा होता. अंगाला ओरखडा नाही. सारखा एकच म्हणत होता, "हाक दिली होती मी. आई, तू ऐकलीस ना? हाक दिली होती."

तेवढ्यात तिलेक आला. बहिणीकडे एकदा बघितलं आणि बेकतुरवर झेपावला. हेल्मेटने त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. खाली पाडलं, काठी गळ्यावर आडवी धरून सगळा भार दिला. माझ्या पोराचे पाय झटके देऊ लागले, तोंड जांभळं पडलं, डोळे बाहेर आले. माझा एक हात सायकालच्या पट्ट्यावर. दुसऱ्या हाताला फावडं लागलं. मी बसल्या जागेवरून ते तिलेकच्या तोंडावर हाणलं. त्याचे दात बर्फावर पडलेले मी पाहिले.

त्या झटक्यात पट्टा माझ्या हातून सैल झाला होता. किती वेळ, ठाऊक नाही. थोडाच. आई आहे मी. दुसरं काय करणार होते?

१४ जानेवारी

शहरातून निरोप आला. सायकाल जगेल. पाय गेला, गुडघ्याच्या वरून.

१५ जानेवारी

ठाण्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, वडीलधारे काय ठरवतात ते आधी ठरू द्या, मग मी लिहितो. चहा पिऊन गेला.

बेकतुर मोडलेल्या नाकाने श्वास घेतो तेव्हा शीळ वाजते. रात्रभर भिंतीपलीकडून ऐकते. तीही गोड लागते मला. श्वास आहे ना.

१७ जानेवारी

आमच्यातले सगळ्यांत थोरले ओर्मोन-आके, त्यांच्या घरी बैठक झाली. गावातले सगळे पांढऱ्या दाढ्यांचे. मला नान हातात धरायला दिली. नान हातात धरून खोटं बोलणाऱ्याच्या घरात पुन्हा पीठ मळलं जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"सोनुनबुबू, तुझ्या पोराने हाक दिली होती?"

"दिली होती, आके."

"मोठ्याने?"

"मला माथ्यावर स्पष्ट ऐकू आली."

"पोरीने ऐकली?"

"ऐकली. म्हणून तर सरकली."

दाढ्या हलल्या. कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "चुकीच्या अंगाला सरकली, तिचं नशीब." ओर्मोन-आके जमाखान्यावरची नक्षी बोटाने गिरवत बसले. मग म्हणाले, "रीत आपण बनवली नाही. हाक दिली होती. मुलावर दोष नाही."

तिलेकची आई कुमुश दाराशी बसली होती. उठली नाही, तिथूनच बोलली. "माझ्या लेकीने ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. न ऐकती तर दोन पायांवर असती. आणि तू सोनुनबुबू! माझ्या पोराचे दात पाडलेस, ती बरी हाक न देता? आपलं ते बाळ आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हो ना?"

 तिलेक भिंतीला टेकून उभा. ओठ शिवलेले, गाल फुगलेला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी अक्षरसुद्धा खोटं बोलले नाही. मग रात्री ती नान घशाखाली का उतरेना?

२४ जानेवारी

आज सकाळी आमच्या अंगणात जे झालं ते लिहायला बसले आणि आधी चूल पेटवली, उगाच. थंडी वाजत नव्हती.

बेकतुर गावात गेला होता. मी राख टाकायला बाहेर आले तर फाटकातून तिलेक आत येत होता. सरळ खुंट्याकडे गेला, बेकतुरच्या घोड्याजवळ. हाच तो तोरू, तांबूस अंगाचा घोडा, ज्याच्यावर बसून बेकतुर कोकबोरूच्या खेळात गर्दीतून बोकडाचं धड ओढून काढतो. सगळ्या खोऱ्यात असा घोडा नाही. माझ्या लेकाने याला बाटलीने दूध पाजून वाढवलाय.

तिलेकने त्याच्या कपाळावर हात ठेवला. माझ्याकडे वळला. पडलेल्या दातांमुळे शब्द फुटके येत होते. मोठ्याने, अगदी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "पोश!"

मी समजले नाही. खरंच समजले नाही.

"एजे, हाक दिली. आता दोष माझा नाही."

आणि सुरी फिरवली. घोडा पुढच्या गुडघ्यांवर बसला, पुन्हा उठला, माझ्याकडे चार पावलं चालत आला. गळ्यातून रक्त माझ्या पायांवर, चपलांत, परकराला. गरम. मग आडवा झाला आणि पाय झाडत राहिला, बर्फात पंख्यासारखी लाल खूण उमटेपर्यंत. तिलेक तिथेच उभा राहून पूर्ण मरेपर्यंत बघत होता. रडत होता. सुरी पुसली नाही, टाकून गेला.

बेकतुर आला तेव्हा कुत्री जमली होती. त्याने एक कुत्रं लाथेने कुंपणापार उडवलं. घोड्याच्या मानेशी बसला. मग उठून कुऱ्हाड घेतली. मी फाटकात आडवी पडले. "माझ्यावरून जा," म्हटलं. माझ्यावरून गेला नाही. कुऱ्हाड दारात हाणली, पातं दांड्यापर्यंत रुतलं. अजून तिथेच आहे.

३० जानेवारी

बेकतुर शांत झालाय, देवाची कृपा. कुऱ्हाडीकडे बघत नाही. संध्याकाळभर चुलीपाशी बसून फळ्यांच्या कडांना धार लावतो. कामात मन रमलं की माणूस निवतो. मी त्याला नूडल्स वाढले, दोनदा घेतले.

जेवताना विचारलं, "आई, उद्या वशिंडाखालच्या जाळीवर कोण?"

"तिलेक," म्हटलं. "घरी बसून भिंती बघवत नाहीत म्हणाला, आजपासून कामावर आलाय. तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस हं."

"नाही जाणार. त्याने माझ्या वाटेतून सरकावं म्हणजे झालं."

कडेवरून अंगठा फिरवून बघत होता. पहिल्यांदाच इतकं मन लावून काम करताना पाहिलं.

३१ जानेवारी

सकाळी दूध उतू गेलं तेव्हा कळलं. दूध बघत उभी होते, आणि काल रात्रीचं वाक्य कानात वाजलं: त्याने सरकावं. भांडं तसंच टाकून निघाले. या वयात इतक्या घाईने कधी फळ्या बांधल्या नव्हत्या.

तिलेक वशिंडाखाली गुडघ्यांवर बसून जाळीचा खांब बर्फात ठोकत होता. पाठ माथ्याकडे. घणाच्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू आलं नसतं. मी त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. त्याने मान वर केली.

"एजे, जा इथून."

"तू तुझं काम कर."

"तुमचं तोंड बघायचं नाही मला."

"म्हणून तर तुझ्या पाठीमागे उभी आहे."

मीही पाठ माथ्याकडे केली होती. का, ते सांगता येत नाही. समोरून बघत उभी राहिले असते तर बेकतुरने मला लांबूनच ओळखलं असतं. डोक्याच्या रुमालावरून टोपी खाली ओढली. आम्हा दोघांची जॅकेटं सारखीच लाल. वरून येणाऱ्याला एकच लाल ठिपका.

मग ऐकू आलं. आधी कडांचं कापणं. ताजी धार लावलेल्या फळ्या घट्ट बर्फावर कापड फाडल्यासारख्या वाजतात. मग माथ्यावरून, गळा फाडून,

"पोश!"

काय सांगू! माझं एकूणएक हाड सरकायला उठलं. आयुष्यभर सरकत आले आहे मी. घोड्यांना, नवऱ्याला, सासऱ्याला, लेकाला. पायांनी मला न विचारता भार उचलला. मी काठ्या दोन्ही बाजूंना रोवल्या आणि स्वतःला खांबासारखी धरून ठेवली. पुढे तिलेकचा घण थांबला होता.

"पोश! पोश!"

दुसरी हाक अगदी मानेवर. आवाजात वाट मागणं नव्हतं. तिसरी हाक अर्धीच आली, "पो", आणि तिच्या जागी "आई!"

बर्फाची भिंत माझ्या पाठीवर कोसळली. मी पुढे तिलेकवर पडले. डोळे, तोंड, नाक सगळं बर्फाने भरलं. वाटलं, संपलं. मग तोंड पुसून मागे वळले.

बेकतुर उभा होता. फळ्या आडव्या. हात लांब केला असता तर त्याच्या छातीला लागला असता. त्या वेगातून, त्या अंतरात, काच झालेल्या उतरणीवर तो उभ्याने थांबला होता. पडलासुद्धा नव्हता.

"वेड लागलंय का तुला?" नाकाची शीळ वाजत होती. "मेली असतीस! रुमालाचं टोक दिसलं म्हणून! हाक ऐकू आली नाही?"

"आली."

"मग सरकली का नाहीस?"

मी बर्फावर बघत होते. त्याच्या फळ्यांनी थांबताना कापलेला चर तिथे होता, खोल, वाकडा, जेमतेम एका खाटेएवढा लांब. बारा तारखेला मी माथ्यावर उभी होते. त्या दिवशी असा चर कुठेच नव्हता. सायकालपर्यंतच्या दोन्ही रेघा सरळ होत्या, ओळीला पट्टी लावावी तशा. आणि तिच्यापर्यंतची वाट याहून कितीतरी लांब होती.

तिलेकही तो चर बघत होता. माझ्याआधीपासून.

लेकरू माझ्यापाशी थांबलं, म्हणून देवाचे आभार मानावेत की नाही? मानले. आणि मानता मानता त्या चराची लांबी पावलांनी मोजली.

२ फेब्रुवारी

मी स्वतः ओर्मोन-आकेंचं दार ठोठावलं. "पुन्हा बसा," म्हटलं. "साक्ष अर्धी राहिली."

पुन्हा सगळे जमले. नान मी घरूनच नेली होती. बेकतुरला सांगितलं होतं काय बोलणार आहे ते. त्याला वाटलं, बोलणार नाही.

"हाक दिली होती, हे खरंच आहे," मी म्हणाले. "पण माझ्या लेकाला थांबता येत होतं. मी उभी राहिले तेव्हा थांबला. सायकालपाशी थांबावंसं वाटलं नाही, कारण हाक दिली होती. परवा तिलेकपाशीही थांबणार नव्हता. लादलेल्या घोड्याला थांबता येत नाही, म्हणून आपल्या आजोबांनी ही रीत केली. हा घोडा नाही. हा माझा मुलगा आहे."

बेकतुर उठला. माझ्या तोंडासमोर येऊन उभा राहिला. वाटलं मारतो. मारलं असतं तरी चाललं असतं. त्याने वळून खिडकीच्या काचेत मूठ घातली, काच बाहेर, हात बाहेर, मनगटातून रक्त पडद्यावर. "माझी आई घोड्याबरोबरच मेली," म्हणाला, आणि रक्ताचा माग सोडत निघून गेला. माझ्याआधी तिलेक उठला, गळ्यातला रुमाल सोडत त्याच्या मागे धावला. मनगट बांधून आला. पुन्हा भिंतीला टेकला. 

ओर्मोन-आके म्हणाले, आक-बेलवर यापुढे "पोश" नाही. वरच्याने थांबायचं. आणि सायकाल म्हणेपर्यंत बेकतुरने उतरणीवर पाय ठेवायचा नाही. ठाण्याच्या माणसाने या खेपेला चहा न पिता लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी

बेकतुर चुलत्याच्या मेंढ्यांच्या गोठ्यावर राहतोय. रोट्या पाठवल्या, परत आल्या. लोकर कातायला घेते, सोडून देते. लेक तोडला मी, की राखला? कुमुशला विचारावंसं वाटतं. पण तिला कुठल्या तोंडाने विचारू?

दारातली कुऱ्हाड तिलेकने येऊन काढली. भोक राहिलंय, वारा येतो.

१८ मार्च

सायकाल घरी आली. दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन फाटकाशी हजर. "बसून तिकिटं बघायला पाय कशाला लागतो?" म्हणाली. पाहुणे नजर चुकवतात. ती मोठ्याने हसून म्हणते, "तिकीट दाखवा, पायाचं बघू नका, तो माझ्याआधीच वर गेला." मला अजून हसता येत नाही. मी तिच्यासाठी दही सुकवून केलेल्या गोळ्या नेते, ती खाते. पट्टा सैल झाल्याचं मी तिला सांगितलं. म्हणाली, "ठाऊक आहे, एजे. मी तुमच्या हाताकडेच बघत होते."

२९ मार्च

हंगाम संपत आला. सकाळी काच, दुपारी चिखल. लिफ्ट बंद व्हायच्या वेळी मी शेवटची फेरी काढली, उतरणीवर कोणी राहिलं नाही ना बघायला. गुडघा दुखत होता, म्हणून वशिंड ओलांडून थोडी खाली आले आणि कडेला, देवदारापाशी श्वास घ्यायला थांबले.

मागून फळ्या आल्या. ताज्या धारेच्या. अंग आपोआप आक्रसलं. हाक आली नाही. कडा हळूच कापत आल्या आणि माझ्या वर, बऱ्याच अंतरावर थांबल्या.

मी काठी हलवली, जा पुढे म्हणून. कोणी गेलं नाही. वारा पडलेला होता. त्या शांततेत मला शीळ ऐकू आली, बारीक, श्वासागणिक, मोडलेल्या नाकातून येते तशी.

लिफ्टवर चढायचं तर फाटकातूनच यावं लागतं, आणि फाटकाशी सायकाल असते. तिने सोडलं असेल, म्हणूनच आला.

 मग मी निघाले, टोकं जुळवून, बदकासारखी, उतरणीच्या मधोमध. शीळ मागे येत राहिली, तेवढंच अंतर राखून. मी वळून पाहिलं नाही. खालच्याला मागे डोळे नसतात.